डोंगळ्यांवर सकाळची फवारणी नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कांद्याच्या बियाण्याचे दर कडाडले की आपल्या दैनिकात बातमी येते, बोगस बियाण्याची ओरडही छापून येते. पण ते बियाणे शेतात तयार कसे होते, यावर फारसे वाचायला मिळत नाही. मी सिन्नर तालुक्यात दरवर्षी वीस गुंठे डोंगळे, म्हणजे बियाण्यासाठीचे कांदे, लावतो, म्हणून चार ओळी.

कांदा पोसायला मधमाशी लागत नाही. बी धरायला लागते. एका गोंड्यात शेकड्यांनी फुले असतात. फुलातले पराग आधी झडून जातात आणि त्याच फुलाचा स्त्रीकेसर दोन-तीन दिवसांनी तयार होतो. म्हणजे दुसऱ्या फुलाचे पराग कोणीतरी आणून द्यायला हवेत, आणि वाऱ्याने ते काम फारसे होत नाही. एका फुलात जास्तीत जास्त सहा बिया धरतात. माशी फिरकलीच नाही तर बोंड पोचट. दोन जातींच्या बीजप्लॉटमध्ये अंतर ठेवायचा नियम आहे, तोही माशी पराग लांबवर नेते म्हणूनच.

दोन वर्षांपूर्वी ऐन फुलोऱ्यात फुलकिडे दिसले. दुकानातून सांगतील ते औषध आणले आणि सकाळी नऊला मारले. ती माशांची कामाची वेळ, हे डोक्यातच नव्हते. दुसऱ्या दिवशी सरीत सातेरी आणि आग्या, दोन्ही माशा पडलेल्या. गोंडे दिसायला टपोरे, पण काढणीनंतर चोळले तर हातात फोलपटच जास्त. दुकानदाराला दोष देत नाही. पंप माझ्याच पाठीवर होता.

माशा संपल्या तर चार वर्षांत माणूस संपेल, असे आईन्स्टाईन म्हणाल्याचे व्हॉट्सॲपवर फिरते. तो तसे म्हणाल्याचा पुरावा नाही, आणि एवढे भय घालायची गरजही नाही. ज्वारी, बाजरी, गव्हाला माशी लागत नाही. भाकरी मिळेल, कोरड्यासाचे मात्र वांधे होतील.

इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम या कीटकनाशकांचा उघड्या शेतातला वापर युरोपीय संघाने २०१८ मध्ये माशांसाठीच बंद केला. आपल्याकडे कीड आली की शेतकरी फवारणारच. पण ते फुलोऱ्याआधी उरकावे. नाहीच जमले तर दिवस कलल्यावर, माशा पोळ्यात परतल्यावर. एवढी एक ओळ बाटलीच्या लेबलावर मराठीत, ठळक, वाचता येईल अशा अक्षरात का नसावी?

दुसरे बांधाचे. डोंगळे फुलतात महिनाभर. बाकीचे अकरा महिने माशीने खायचे काय? बाभूळ, करंज, कडुनिंब, जांभूळ बांधावर होते, ते आपणच बांध कोरता कोरता तोडले. उरलेल्या वडावर आग्याचे पोळे दिसले की रात्री टेंभा लावून जाळतात. मग फुलोऱ्यात आम्हीच भाड्याने मधमाश्यांच्या पेट्या शोधत हिंडतो. महाबळेश्वरजवळच्या मांघरला २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून मान मिळाला, आनंद आहे. पण आमच्याकडे मधाची बाटली नको. जानेवारी-फेब्रुवारीत परवडणाऱ्या भाड्यात पेट्या मिळाल्या तरी पुरे.

यंदा आम्ही पाच शेजाऱ्यांनी ठरवले आहे, फवारायच्या आदल्या सांजेला एकमेकांना फोन करायचा, म्हणजे पेट्यांची दारे बंद ठेवता येतील.

आपला,
एक डोंगळे उत्पादक,
ता. सिन्नर, जि. नाशिक