लायब्ररीवाल्या काकू, शेवटच्या पानांबद्दल थँक्यू

काकू,

हे तुम्ही स्वतः वाचाल असं मला वाटत नाही, तुमचा फोन व्हॉट्सॲपपुरता आणि त्यातही फोटो पाठवला की निम्म्या पानावर तुमचा अंगठा (त्याच्यावर येतेच), पण सून वाचून दाखवेल. तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, वर्गणी भर आधी" म्हणून उडवून लावता, म्हणून मग सगळ्यांसमोरच लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, काकूंची सर्क्युलेटिंग लायब्ररी नारायण पेठेत आहे, अप्पा बळवंत चौकातून चालत गेलं तर पाच मिनिटं, गाडी घेऊन गेलं तर पार्किंग शोधण्यातच अर्धा तास. पत्ता देत नाही, काकूंना गर्दी आवडत नाही. पुण्यात पुणे नगर वाचन मंदिरासारखी १८४८ सालची संस्था अजून उभी आहे, पण गल्लीबोळातल्या या छोट्या लायब्रऱ्या एकेक करून गेल्या, आमच्या कोथरूडच्या लायब्ररीच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. काकूंची टिकली कारण जागा घरची आणि काकू हट्टी.

तर यावेळी मी आले तेव्हा ऑफिसमध्ये डोक्याचा पार भुगा झालेला, पुस्तक उघडलं की दुसऱ्या पानावर हात आपोआप फोनकडे जायचा, रील्स बघून बघून वाचायचंच विसरले की काय असं वाटायला लागलं होतं. मी काहीतरी हलकंफुलकं द्या म्हणाले आणि तुम्ही माझ्याकडे नुसतं बघितलं, स्टूल ओढलं, मागच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यातून नारायण धारपांची 'लुचाई' ही भयकादंबरी काढलीत. "हलकंफुलकं वाचून कुणाचं बरं झालंय का गं? हे ने. झोप उडेल पण फोन सुटेल."

धारप माझे शाळेपासूनचे लाडके, त्यांच्या त्या भुताखेतांशी लढणाऱ्या समर्थांच्या गोष्टी मी पांघरुणात वाचल्यात, पण 'लुचाई' कायम हुकलेली. दरवेळी कुणीतरी नेलेली असायची. आणि 'तुंबाड'नंतर तर काय विचारूच नका, पिक्चर २०१८ ला आला, २०२४ ला परत थेटरात लागला, आणि तेव्हापासून कॉलेजची पोरं तुमच्याकडे येऊन "ते आजीवालं आहे का" विचारतात, त्यातल्या आजीचं मूळ धारपांच्या गोष्टीत आहे एवढं त्यांना कुठूनतरी कळलेलं असतं. तुम्ही आधी डिपॉझिट घेता, मग आजी देता. बरोबर करता.

ती प्रत म्हणजे काय वस्तू होती! खाकी कव्हर, पुठ्ठ्याची बांधणी, शिवण इतकी घट्ट की पुस्तक उघडून ठेवायला वाटी ठेवावी लागायची. मध्येच पीएमटीचं, म्हणजे पुण्याच्या जुन्या सिटी बसचं, तिकीट सापडलं. पीएमटीची पीएमपीएमएल झाली २००७ ला, म्हणजे त्याआधी कुणीतरी नेमकं तिथं थांबलं होतं, आणि खरंच ती थांबायचीच जागा आहे, मीही तिथे पुस्तक मिटून उगाच पाणी प्यायला उठले. पुढे एका समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलंय, 'इथून पुढे दिवसा वाचावे.' मी ऐकलं नाही.

धारप घाबरवायची घाई करत नाहीत. केमिकल टेक्नॉलॉजी शिकलेला माणूस, लिहितो पण तसंच, आधी सगळं सामान टेबलावर नीट मांडून ठेवणार, माणसं, त्यांची घरं, कुणाचं कुणाशी पटत नाही, सगळं इतकं साधं की आपण बेसावध होतो, आणि मग काहीतरी चुकतंय हे आपल्याला कळायला लागतं पण गावाला कळत नाही. भीती त्या मधल्या जागेत आहे. कंपनीची बस हिंजवडीहून निघून चांदणी चौकाच्या अलीकडे पावसात अडकलेली, आत दिवे बंद, मी मोबाइलच्या टॉर्चवर वाचतेय आणि शेजारचा झोपेत नुसता माझ्या खांद्यावर कलंडला तर मी अशी किंचाळले की ड्रायव्हरने मागे वळून विचारलं, मॅडम काय झालं. फोन म्हणाल तर सुटलाच, टॉर्चपुरता उरला.

ऑफिसातला एक मित्र म्हणाला, अगं ते स्टीफन किंगवरून घेतलंय. घेतलंय ना, त्या अमेरिकन भयकथाकाराच्या १९७५ च्या 'सालेम्स लॉट' कादंबरीवरून, धारप वाचणाऱ्यांना हे माहीत असतं. पण अमेरिकेतल्या गावाची भीती उचलून इथं आणायची तर देव बदलावे लागतात, घरं बदलावी लागतात, लोक एकमेकांना काय म्हणून हाक मारतात तेसुद्धा बदलावं लागतं, नुसती नावं बदलून भागत नाही. मी दोन्ही वाचलंय आता. किंगने मला घाबरवलं, धारपांनी मला बाल्कनीचं दार लावायला उठू दिलं नाही. मित्राने त्यातलं एकही वाचलेलं नाही, हेही इथे नोंदवून ठेवते.

आता मुख्य मुद्दा. रात्री दीड वाजलेला, आमच्या सोसायटीचा वॉचमन शिट्टी मारत फिरतोय (एरवी त्या शिट्टीचा राग येतो, त्या रात्री फार आधार वाटला), मी अगदी शेवटाला आलेले, श्वास रोखून पान उलटलं आणि समोर थेट तुमच्या लायब्ररीची तारखांची चिठ्ठी. जांभळे शिक्के. आधीचं वाक्य अर्धवट, पूर्णविरामसुद्धा नाही. शेवटची पानंच नाहीत! कुणीतरी ब्लेडने व्यवस्थित कापून नेलेली. काय माणूस असेल तो? नेऊन केलं काय त्यांचं?

मी तशीच तुम्हाला मेसेज टाकला, रागाच्या इमोजीसकट. नेटवर शेवट शोधला नाही, कुणीतरी पीडीएफ पाठवतो म्हणालं तीही नको म्हटलं, धारपांची बरीच पुस्तकं साकेत प्रकाशनाने परत छापलीत, मिळतात, चोरीचं कशाला.

सकाळी सहाला तुमचे फोटो. काकांची स्वतःची प्रत, जी तुम्ही लायब्ररीत कधीच ठेवत नाही, ती तुम्ही कपाटातून काढलीत. पण फोटोत दर पानावर अर्धा अंगठा आणि अर्धा ट्यूबलाइटचा उजेड. मी लिहिलं, काकू दिसत नाहीये. त्यावर उत्तर नाही, डायरेक्ट फोन.

"ऐक. वाचते."

आणि तुम्ही वाचलंत. लेट फीची यादी वाचता त्याच आवाजात, कुठे आवाज चढवणं नाही, पॉज घेणं नाही, सरळ. मी बसस्टॉपवर, एक कान बोटाने दाबून. मध्ये "थांब, कुकर उतरवते." मग दूधवाला. मग "इथे वर्णन आहे मोठं, गाळू का?" मी जवळजवळ ओरडले, गाळू नका! अगदी ऐन मोक्याच्या जागी तुम्ही म्हणालात, "चष्मा पुसते हं," आणि काकू, तुम्ही चष्मा पुसत होतात तेवढ्या वेळाइतकी मी अख्ख्या पुस्तकात घाबरले नव्हते. बस आली, मी हाताने जा म्हणून सांगितलं. बसमधल्या लोकांना वाटलं घरी काहीतरी वाईट झालंय, एकीने नंतर काळजीने मेसेजही केला, तिला खरं काय ते सांगताना जाम लाज वाटली.

शेवट काय ते इथं लिहीत नाही. पण मोठ्या आवाजात, सपाट, कुकरच्या वाफेतून ऐकल्यावर मला दिसलं की धारपांची वाक्यं किती साधी आहेत, एकही शब्द स्वतःहून घाबरवायला जात नाही, सगळं काम मांडणी करते. डोळ्यांनी वाचताना मी इतकी पळत सुटलेले असते की हे माझ्या लक्षातच आलं नसतं.

वाचून झाल्यावर तुम्ही एक सेकंद थांबलात. मला वाटलं काहीतरी बोलाल, काकांचं वगैरे. तुम्ही म्हणालात, "झालं. शनिवारपर्यंत परत आण, पुढे नंबर लागलाय."

आणलं मी. आणि तुम्ही माझ्यासमोरच काकांच्या प्रतीतल्या पानांची झेरॉक्स आत डिंकाने चिकटवलीत, वर पट्टी ठेवून दाबलंत आणि मला विचारलंत, सरळ बसलीये ना. बसलीये, थोडी तिरकी आहे पण वाचता येतं. पुढच्या नंबरवाल्याला तुमचा आवाज मिळणार नाही, त्याचं मला वाईट वाटतं, थोडं बरंही वाटतं.

येत्या शनिवारी येतेय. वर्गणी आणते. त्याच कप्प्यातलं अजून एक जाडजूड बाजूला काढून ठेवा, कुठलंही चालेल, फक्त देण्याआधी शेवटची पानं आहेत का ते बघा. नसली तर सकाळी साडेसहानंतर फोन करा, मी त्या दिवशी घरूनच काम करते म्हणून सांगते.

तुमची,
कार्ड रिन्यू न केलेली