बाळूच्या गोळीची वेळ सांभाळणाऱ्या काकींना खुले आभारपत्र

आदरणीय काकींस,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आमचे सगळे कुटुंब, सासूबाईंसह, यंदा मार्गशीर्षात केरळला जाऊन आले. एकही माणूस मागे न ठेवता आम्ही घराबाहेर पडू शकलो ते केवळ तुमच्यामुळे, आणि हे चारचौघांत सांगितले जावे म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. समोरासमोर आभार मानू लागले की तुम्ही ‘त्येच्यात काय येवढा?’ असे म्हणून विषय संपवता. त्यात किती होते, हे आम्हाला ठाऊक आहे, आणि मालवण तालुक्यातल्या आपल्या या किनाऱ्यावर ज्यांच्या घरी कुत्रा-मांजर आहे त्यांनाही ते कळावे असे मला मनापासून वाटते.

आमच्या कुत्र्याला, बाळूला, आकडीचा आजार आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेली गार्डिनलची गोळी त्याला सकाळी आणि रात्री, बारा-बारा तासांच्या अंतराने द्यावी लागते. हे औषध अचानक बंद पडले तर त्यामुळेच मोठी आकडी येण्याचा धोका असतो, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते मेडिकलमध्ये मिळतही नाही. त्यामुळे बाळूचा आजार सुरू झाल्यापासून लग्न असो, बारसे असो, घरातले कोणीतरी एक जण त्याच्यापाशी थांबत आले होते. सासूबाईंना केरळचे कालवे बघण्याची फार इच्छा होती, पण दरवेळी ‘बाळूचे काय?’ असे त्याच म्हणत आणि बेत पुढे ढकलला जाई.

त्याला बरोबर न्यावे, तर रेल्वेत फर्स्ट एसीचा कूपे किंवा केबिन पूर्ण आरक्षित केली तरच कुत्रा आपल्यासोबत ठेवता येतो. नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातल्या पिंजऱ्यात एकटे ठेवावे लागते. टू टायर, थ्री टायर आणि स्लीपरमध्ये त्याला प्रवेश नाही. आकडी येणाऱ्या प्राण्याला रात्रभर पिंजऱ्यात, कोणाच्याही नजरेआड ठेवण्याचा विचारसुद्धा आम्हाला सहन होत नव्हता. गोव्याच्या बाजूला पाळीव प्राणी ठेवून घेणारी एक जागा आम्ही पाहिली. ती स्वच्छ होती, लसीकरणाचे कार्डही त्यांनी आधी मागून घेतले. परंतु रात्री तिथे माणूस राहत नाही असे समजले आणि तो मार्गही मिटला. शिवाय आमच्या मांजरीला, चिंगीला, घराबाहेर काढणे म्हणजे तिचे हाल करणे. मांजराचा जीव माणसांइतकाच जागेतही अडकलेला असतो, आणि मालक गावाला गेले तरी ते स्वतःच्याच घरात राहिले तर बहुधा अधिक निवांत असते.

ओळखीच्या अनेकांनी ‘आम्ही भात घालू की, तुम्ही खुशाल जा’ असे आपुलकीने सांगितले होते, आणि त्यांच्या आपुलकीबद्दल माझ्या मनात जराही किंतू नाही. तुम्ही मात्र लगेच होकार दिला नाहीत. तुम्ही आधी विचारायला बसलात. गोळी ओकून टाकली तर पुन्हा द्यायची की नाही? आकडी किती वेळ चालली म्हणजे डॉक्टरांना बोलवायचे? दोघांच्या लशी कधी झाल्या? चिंगी कोणत्या माळ्यावर दडते? गोचीड दिसली तर कशाने काढता? आणि शेवटी तुम्ही जे म्हणालात ते आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आले नव्हते: ‘तुमचो फोन लागलो नाय तर डॉक्टराक काय सांगू, तां आत्ताच लिवन देवा.’ त्याप्रमाणे आम्ही पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या नावे पत्र लिहिले, आमच्या गैरहजेरीत उपचारांचा निर्णय तुम्ही घ्याल असे त्यात स्पष्ट नमूद केले आणि खर्चाचे पैसे पाकिटात घालून तुमच्याकडे दिले. माझ्या मते प्राणी सांभाळायला देताना सर्वांत महत्त्वाचा कागद हाच. आम्ही जाण्याआधीच्या आठवड्यात तुम्ही रोज दोन्ही वेळा येऊन आमच्यासमोर बाळूला गोळी दिलीत, म्हणजे आम्ही निघालो तेव्हा त्याला तुमच्या हातची सवय झालेली होती.

या गोळीने कुत्र्याची भूक आणि तहान फार वाढते. बाळू जेवून उठला तरी उपाशी असल्यासारखा माणसाच्या तोंडाकडे पाहत राहतो, आणि कोणाचेही मन विरघळावे अशीच ती नजर असते. येणारेजाणारे ‘काय गे, कुत्र्याक उपाशी ठेवतंस?’ असे तुम्हाला विचारत होते, हे मला नंतर शेजारून कळले. दुसऱ्याच्या प्राण्याला जास्तीचे खायला घालून त्याची माया मिळवणे फार सोपे असते. तुम्ही लोकांचे बोलणे ऐकून घेतलेत, पण ठरलेल्या मापाबाहेर भाताचे शीतही वाढले नाही. पाण्याचे भांडे तेवढे सतत भरलेले ठेवलेत. आम्ही आलो तेव्हा बाळूचे वजन होते तेवढेच होते.

सकाळी त्याला किनाऱ्यावर फिरवताना तुम्ही एकदाही दोरी सोडली नाहीत, याबद्दल तुमचे वेगळे आभार मानायला हवेत. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढून झाली की निरुपयोगी मासळी वाळूवरच पडून राहते, आणि त्यात अनेकदा केंड हा विषारी मासा असतो. केंडाचे विष शिजवूनसुद्धा जात नाही, हे मासेमारीच्या घरात वाढलेल्या तुम्हाला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. पण मे महिन्यात इथे कुत्री घेऊन येणाऱ्या पाहुण्यांना हे ठाऊक नसते, म्हणून इथे मुद्दाम लिहिले. तुटलेल्या दोरीला लटकलेले गळ हा तर वेगळाच त्रास.

चिंगीची गोष्ट तुम्ही आमच्यासाठी लिहून ठेवलेल्या वहीत दोनच ओळींत आहे, पण ती वाचून माझ्या छातीत धडधडले. आम्ही गेल्यावर तिने खाणे सोडले. असे मांजर पाहून ‘भूक लागली की खाईल’ असे कोणीही म्हणाले असते. कुत्र्याचे एक वेळ चालते, पण मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतात चरबी साठू लागते आणि ते जिवावर बेतू शकते. तुम्ही दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारलेत, ताज्या तारल्या बिनमिठाच्या उकडून, काटे काढून, कोमटच तिच्यापुढे ठेवल्यात, आणि ती खाईपर्यंत माळ्याच्या शिडीजवळ बसून राहिलात. गरम माशाचा वास तिला खाली घेऊन आला. वहीत तुम्ही लिहिले आहे: ‘सांजेक खाल्ल्यान.’ ती ओळ सासूबाईंनी मला दोनदा वाचायला लावली.

आता जत्रेच्या रात्रीविषयी. आम्ही तेव्हा मुन्नारच्या बाजूला डोंगरात होतो आणि फोनला रेंज नव्हती. देवळाकडे पालखीच्या वेळी आतषबाजी होणार हे धरून तुम्ही संध्याकाळीच बाळूला फिरवून आणलेत, खिडक्या लावून घेतल्यात, पंखा मोठा करून ठेवलात आणि स्वतः ओटीवर अंथरूण घातलेत. दशावताराचा खेळ सहसा न चुकवणाऱ्या तुम्ही देवळापासून हाकेच्या अंतरावर असूनही त्या रात्री तिकडे गेला नाहीत. बाळूला आकडी आली ती फटाक्यांच्या आवाजाने की आणखी कशाने, हे सांगता येणार नाही, कारण गोळी चालू असतानाही अधूनमधून आकडी येऊ शकते. तुम्ही आधी घड्याळ पाहिलेत. जवळचे स्टूल आणि समई दूर केलीत, दिवा मालवलात, त्याच्या डोक्याखाली गोधडीची घडी सरकवलीत आणि तोंडापाशी हात नेला नाहीत. शुद्ध नसलेल्या कुत्र्याचा दात ओळखीच्या माणसालाही लागू शकतो, हे आम्ही तुम्हाला सांगितले होते आणि त्या धांदलीतही तुम्हाला ते आठवले. आवाज ऐकून धावत आलेल्यांपैकी कोणी कांदा फोडून हुंगवायला सांगितले, कोणी चप्पल पुढे केली, कोणी तोंडात पाणी घालू लागले. त्या सर्वांना तुम्ही हात जोडून बाहेर थांबवलेत. त्या अवस्थेत तोंडात घातलेले पाणी श्वासनलिकेत गेले असते, तर काय झाले असते याचा विचारही करवत नाही.

आकडी दोन मिनिटांच्या आत थांबली. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली किंवा एकीला लागून दुसरी आली, तर वेळ न घालवता गाडीत घालून डॉक्टरांकडे न्यायचे असे ठरले होते, आणि तुमच्या पुतण्याची रिक्षा त्यासाठी त्या रात्री मुद्दाम अंगणात उभी करून ठेवली होती, हे मला परत आल्यावर समजले. बाळू उठला, थोडा वेळ भिंतीला धडकत फिरला, नंतर तुम्हाला ओळखून शेजारी झोपला. सकाळची गोळी वेळेवर दिली गेली आणि डॉक्टरांनाही कळवले गेले. दुसऱ्या दिवशी आमचा फोन लागला तेव्हा तुम्ही घाबरवले नाहीत आणि काही लपवलेही नाहीत. आकडी आली, एवढा वेळ चालली, आता तो जेवला आहे, डॉक्टर येण्याची गरज नाही म्हणतात, असे क्रमाने सांगितलेत. त्या बोलण्यावर विश्वास ठेवून आम्ही पुढचा प्रवास चालू ठेवला. आमच्या जागी उभे राहून निर्णय घेणारे माणूस घरी आहे, याची खात्री आम्हाला त्या क्षणी झाली.

पैशांविषयीही उघड लिहिते. तुम्ही आधी शेजारधर्म म्हणून नाही म्हणालात, आणि सासूबाईंनी हट्ट धरला म्हणून घेतलेत. तुम्ही ते घेतलेत याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आपल्याकडे हे काम फुकटाचे समजले जाते, आणि म्हणूनच कितीतरी घरी मुंबईला जाताना कुत्र्याला आखूड साखळीला बांधून ढीगभर भात पुढे ठेवतात, नाहीतर त्याला मोकळे सोडून देतात. प्राणिक्रूरता प्रतिबंधाच्या १९६० च्या कायद्याच्या ११ व्या कलमाप्रमाणे हे दोन्ही प्रकार गुन्ह्यात मोडू शकतात, पण कायद्याचा धाक घालण्यापेक्षा गावातल्या जाणत्या बाईला योग्य मोबदला देऊन हे काम सोपवणे मला अधिक उपयोगाचे वाटते. तुमच्याकडे यापुढे कोणी असे काम घेऊन आले, तर दर आधी ठरवा आणि जमणार नसेल तेव्हा खुशाल नाही म्हणा. आम्ही तयार केलेला कागद, म्हणजे औषधे, मापे, डॉक्टरांचा फोन आणि उपचारांच्या संमतीचे पत्र, ज्यांना हवा असेल त्यांनी आमच्याकडून नक्कल करून घ्यावा.

मे महिन्यात तुम्ही लेकीच्या बाळंतपणासाठी डोंबिवलीला जाणार आहात, असे कळले. तेव्हा तुमच्या कोंबड्या आणि गाय आम्ही सांभाळू. गाय त्याच सुमारास विणार असेल, तर तिला शेवटची भरवली त्याची तारीख, ती कोणाला धार काढू देते, आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या कोणाला बोलवायचे, हे सर्व आम्हाला लिहून द्या. संमतीच्या पत्रावर तुमची सही हवी. एप्रिल सुरू झाला की मी रोज सकाळी धारेच्या वेळी गोठ्यात येत जाईन, म्हणजे तुम्ही निघेपर्यंत तिला माझी ओळख झालेली असेल.

आपली कृतज्ञ,
शेजारच्या घरातली सून
आणि सासूबाईंसह सर्व मंडळी