तुझ्या बडबड्या वर्गाविषयी

चि. मधुरा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, ही सगळी माझ्यापेक्षा वयाने मोठी माणसं, त्यांना गप्प बसा म्हणून कसं सांगू?" सांगूच नकोस. तू त्यांना इंग्रजी बोलायला शिकवायला गेली आहेस. वर्ग चिडीचूप बसला तर शिकवणार काय? आधी दोन-चार तासांत नुसते कान उघडे ठेव. बोलणं इंग्रजीत चाललंय की त्यांच्या भाषेत, आणि धड्याबद्दल की जेवणाबद्दल, ते बघ. तुला त्यांची भाषा मोडकीतोडकी येत असली तरी "पान कितवं?" एवढं कळतंच. मोठ्यांच्या वर्गातली निम्मी कुजबुज ही असते: शेजाऱ्याला तुझं सांगणं समजलेलं नसतं आणि दुसरा ते समजावून सांगत असतो. त्याला दटावलंस, तर तुझंच काम बिनपैशाने करणाऱ्याला दटावल्यासारखं होईल.

म्हणून मी सुधारणा सूचनांपासून करेन. आधी काय करायचं ते सांग, मग जोड्या पाड, कागद सगळ्यात शेवटी वाट. कागद हातात पडला की माणूस तो वाचू लागतो, तुझ्याकडे कोण बघतंय! आणि "कळलं का?" हा प्रश्न कायमचा सोड. मोठी माणसं लाजेखातर मान डोलावतात. "लिहायचं की नुसतं बोलायचं?", "किती मिनिटं?" असं विचार, उत्तर आलं नाही तर पुन्हा सांग. दोघांना एकाच चित्राच्या थोड्या वेगवेगळ्या प्रती दे, एकमेकांचं न बघता फरक शोधायला लाव. बोलल्याशिवाय सुटत नाही, त्यामुळे बडबड्यांची बडबड कामी लागते.

आता तू सांगितलेला तो सगळ्यांच्या आधी उत्तर देणारा. माझ्या संध्याकाळच्या वर्गात असे एक गृहस्थ होते. प्रश्न संपायच्या आत उत्तर, तेही बरोबर, आणि बाकीचे वह्यांत डोकं घालून बसलेले. मी त्यांच्या हाती खडू दिला: काका, वर्ग सांगेल तेवढंच फळ्यावर लिहायचं, आपलं काही घालायचं नाही. दुसऱ्याचं वाक्य लिहिताना त्याचं पूर्ण ऐकावं लागतं. हात भरभर चालत नव्हता, मागच्या रांगेतली एक बाई शब्द सुटे करून सांगत होती, आणि तिचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकला.

प्रश्न विचारल्यावर थांबत जा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970च्या दशकात शाळांतले विज्ञानाचे तास तपासले. शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबत. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. परक्या भाषेत वाक्य जुळवणाऱ्याला तर तेवढा वेळ हवाच. तीन सेकंद फार मोठे वाटतात, मनात मोज.

एकाचं वाक्य चालू असताना दुसरा मध्येच बोलतो, याचाही लगेच राग धरू नकोस. डेबोरा टॅनन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिलंय, की काही लोकांत असं मध्ये बोलणं हे रस असल्याचं लक्षण असतं. तिथल्या एखाद्या सहकाऱ्याला विचारून घे, उद्धटपणा कशाला म्हणतात.

आवाज मात्र चढवू नकोस. तू ओरडलीस की ते त्याहून वर बोलतात. वाक्य अर्ध्यावर सोडून हात वर कर आणि थांब, किंवा बोलत बोलत त्या जोडीजवळ जाऊन उभी राहा. चारचौघांत कोणाचा पाणउतारा तर अजिबात नको. ही दिवसभर राबून, पदरचे पैसे भरून आलेली माणसं आहेत. तास सुटल्यावर बाजूला घेऊन विचार, "तास सोपा वाटतो की अवघड?" पुष्कळदा दंग्याचं मूळ तिथेच सापडतं. एटूचा (भाषेच्या युरोपीय मोजपट्टीवर प्राथमिक पातळीचा) आणि बीवनचा (त्याच्या वरच्या पातळीचा) विद्यार्थी एका बाकावर बसवला असेल, तर दोघांमध्ये दीड-दोनशे तासांच्या शिकवणीचं अंतर असतं. एक कंटाळतो, दुसरा बुडतो, आणि दोघंही गप्पा मारतात. कंटाळणाऱ्याच्या कामाला एखादा अवघड प्रश्न जोड, बुडणाऱ्याला वाक्याची सुरुवात लिहून दे.

मोबाइलचं आणि उशिरा येण्याचं फार मनावर घेऊ नकोस. नियम त्यांनाच ठरवू दे, त्यांच्याच अक्षरात भिंतीवर लाव, पुरे.

इतकं करूनही एखादा दुसऱ्यांना त्रास देतच राहिला, कोणाच्या उच्चारांची टिंगल करू लागला, तर तिथे सैल सोडू नकोस. एकदा एकटं गाठून स्पष्ट सांग, पुन्हा झालं तर तारखेनिशी लिहून संस्थेच्या संयोजकांकडे दे. ते तुझं एकटीचं ओझं नाही.

कोण कुठे बसतं त्याचा नकाशा काढून फोटो पाठव, मग जागा कशा बदलायच्या ते बोलू.

तुझी,
आई