माऊसचा बाण, फिरतं चक्र आणि दोनदा चढलेली खरेदी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : काम चालू असताना माऊसचा कर्सर चुकीचा दिसणे व त्यामुळे झालेल्या दुबार नोंदी

महोदय,

सांगलीत आमचं औषधांचं घाऊक दुकान आहे. बिलिंग, स्टॉक, जीएसटी सगळं तुमच्याच सॉफ्टवेअरवर चालतं. फोनवर तक्रार केली की ठरलेलं उत्तर मिळतं, "एकदाच क्लिक करा आणि थांबा." थांबायला आमची ना नाही, पण थांबायचं आहे हे पडद्यावर दिसायला नको का?

खरेदीची फाइल आत घेताना 'इम्पोर्ट' दाबलं की निळं चक्र क्षणभर दिसतं. माऊस जरा हलला की पुन्हा साधा बाण. आत काम चालूच असतं. काउंटरवरच्या मुलाला वाटतं क्लिक लागलाच नाही, तो परत दाबतो. तीच फाइल नव्याने सुरू होते आणि एकच बिल दोनदा चढतं. बॅच तीच, एक्सपायरी तीच, स्टॉक दुप्पट. गेल्या महिन्यात १४ तारखेला जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून पोर्टलवर तयार होणारं आमच्या खरेदीचं विवरण) तयार झालं, ते उतरवून घेतलं, तर आमच्या खरेदीशी ताळा जमेना. नोंदी एकेक करून शोधाव्या लागल्या.

बिल छापताना नेमकं उलटं. प्रिंटर बंद असला की त्रुटीचा संदेश येतो. 'ओके' दाबलं तरी चक्र फिरतच राहतं. खरं तर त्या चक्राखालीही बटणं दाबली जातात, पण हे कोण करून बघणार? मुलं वाट पाहतात आणि शेवटी टास्क मॅनेजरमधून प्रोग्रॅम बंद करतात. अर्धवट राहिलेलं बिल वाया जातं.

दुकानात बसण्याआधी मी व्हिज्युअल बेसिक ६ या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत प्रोग्रॅम लिहायचो. कर्सरचं रूप ठरवणाऱ्या स्क्रीन.माऊसपॉइंटरला ११ दिले की वाळूचं घड्याळ यायचं, काम संपलं की ० द्यायचा, आणि तो एरर हँडलरमध्ये, म्हणजे त्रुटी आल्यावर चालणाऱ्या भागातही द्यायचा. तुमच्या त्रुटीच्या खिडकीत सिस्टिम.विंडोज.फॉर्म्स (विंडोजवरचे पडदे बनवायची मायक्रोसॉफ्टची साधनं) अशी नावं दिसली, म्हणून थोडा अंदाज बांधता आला. इम्पोर्टच्या लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागात, बहुधा ॲप्लिकेशन.डूइव्हेंट्स ही आज्ञा आहे. त्यामुळे विंडोजचे तुंबलेले संदेश (क्लिक, माऊसची हालचाल) मधेच निकालात निघतात, कर्सर.करंट या ओळीने तात्पुरतं लावलेलं चक्र पुसलं जातं, आणि मुलाचा दुसरा क्लिकही त्याच वाटेने आत शिरतो. 'प्रतिसाद देत नाही' ही पाटी टाळायला कोणीतरी ही ओळ घातली असावी. खिडकीने पाच सेकंद संदेश घेतले नाहीत की विंडोज ती पाटी लावतं. छपाईच्या पडद्यावर युजवेटकर्सर (बंद करेपर्यंत चक्र दाखवणारी सोय) चालू केलेलं दिसतं, पण ते बंद करणारी ओळ त्रुटी आली की गाठलीच जात नाही. ती फायनलीमध्ये, म्हणजे त्रुटी आली तरी चालणाऱ्या भागात हवी. दोन पडदे, दोन तऱ्हा. एकाच घरचे आहेत असं वाटत नाही.

माझं निदान चुकीचं निघालं तरी लक्षणं खरी आहेत. रेकॉर्डिंग सोबत जोडलं आहे.

इम्पोर्ट वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे पडद्याच्या कामापासून स्वतंत्र, न्या आणि ते चालू असेपर्यंत बटण निष्क्रिय ठेवा. नुसतं चक्र दाखवून क्लिक अडत नाहीत. मोठ्या फाइलला मिनिटं लागतात, तिथे चक्रापेक्षा किती बिलं चढली हा आकडा उपयोगी. पुरवठादार आणि बिल क्रमांक आधीच नोंदलेला असेल तर सॉफ्टवेअरने अडवायला हवं. हे तर कर्सर दुरुस्त होण्याची वाट न पाहता आजच करता येईल. आधी चढलेल्या दुबार नोंदी काढायला तुमचा माणूस पाठवा, त्याचे वेगळे पैसे आम्ही देणार नाही.

वार्षिक देखभाल कराराचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे. सुधारित आवृत्ती आमच्या संगणकावर, आमच्या फायलींवर चालवून दाखवल्यावरच त्याचा चेक मिळेल. उत्तर कृपया लेखी द्यावे.

आपला,
एक ग्राहक, सांगली