मग बहीण कुठे होती?

प्रिय नंदे,

दिवाळीपासून पत्र लिहीन लिहीन म्हणतेय. फोनवर बोलतो आपण, पण हे फोनवर बोलण्यासारखं नाही. माझी तब्येत बरी आहे, थंडीत गुडघा कुरकुरतो, एवढंच.

मंगळवारी एफ.वाय.च्या वर्गावर वर्ड्सवर्थची डॅफोडिल्स ही कविता घेतली. आपल्या मुलांनी ते फूल पाहिलेलं नसतं, म्हणून मी कासच्या पठारावरची सोनकी सांगते. पिवळीधमक, वाऱ्यावर डुलणारी. की लगेच चेहरे उजळतात. पहिली ओळ वाचून झाली, कवी ढगासारखा एकटाच भटकतोय, आणि मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. पहाटेची एस.टी. धरून येते, एरवी तोंड उघडत नाही. म्हणाली, "मॅडम, मी वाचलंय, त्या दिवशी त्यांची बहीण बरोबर होती. मग एकटा कसा?"

माझा खडू फळ्यावर तसाच थांबला. नंदे, तुझाच प्रश्न गं, आणि तशीच मान वर करून विचारलेला. आणि मी म्हणाले, "हे परीक्षेला नसतं. बस खाली."

आपल्या कॉलेजातल्या सरांचं वाक्य. शब्द न् शब्द तोच.

ती बसली. शुक्रवारपर्यंत तीन तास झाले, तिनं मान वर केलेली नाही.

तुला तो दिवस आठवत असणारच. लायब्ररीतल्या त्या जाड ग्रंथाच्या तळटीपेत वर्ड्सवर्थच्या बहिणीच्या, डोरोथीच्या रोजनिशीचा उल्लेख तुला सापडला होता. दोघींनी मिळून वाचला, दोघींनी उभं राहून विचारायचं असं जिन्यातच ठरलं. तू उठलीस. मी वहीत डोकं घालून बसले. सर तुला बोलत होते, वर्ग हसत होता, आणि मला सगळं ठाऊक असून मी पेनचं टोपण उघडझाप करत राहिले. संध्याकाळी रंकाळ्यावर तू माझ्या वाटणीचीही भेळ खाल्लीस आणि म्हणालीस, "हा तुझा दंड." त्यावर मी सुटले असं मला वाटलं. पण पुढं तू एम.ए.ला इंग्रजी घेतलंच नाहीस, बँकेच्या परीक्षेला बसलीस. तीस वर्षांत मी तुला कधी विचारलं नाही, ते त्या दिवसामुळे का. आज विचारते. खरं सांग.

मंगळवारी रात्री झोप लागेना, म्हणून डोरोथीची रोजनिशी काढली. १५ एप्रिल १८०२, गुरुवार. अल्सवॉटर तलावाच्या काठानं दोघं चाललेत, वारा सोसाट्याचा. ती लिहिते की काही फुलांनी दगडांवर उशीसारखं डोकं टेकलं होतं, जणू दमून, आणि बाकीची झोकांड्या खात नाचत होती, वाऱ्याबरोबर हसत होती. ते दगडावर डोकं टेकणं भावाच्या कवितेत कुठेच नाही बघ. त्याची सगळीच्या सगळी फुलं नाचतात. थकलेली फुलं फक्त तिला दिसली.

त्यानं कविता लिहिली १८०४ साली, दोन वर्षांनी. १८०७ मध्ये छापली तेव्हा फुलं 'सोनेरी'सुद्धा नव्हती, आणि ताऱ्यांचं कडवं तर १८१५ च्या आवृत्तीत आलं. आणि आपण जी ओळ वहीवर सजवून लिहायचो, अंतर्मनाच्या डोळ्याची, एकांतातल्या सुखाची, ती त्याच्या बायकोची आहे. मेरीची. त्यानं स्वतः सांगून ठेवलंय की कवितेतल्या सर्वांत चांगल्या दोन ओळी तिच्या. म्हणजे एकांताची ओळही एकट्याची नाही. डोरोथीची ती रोजनिशी मात्र तिच्या हयातीत छापलीच गेली नाही. ती गेली १८५५ मध्ये.

आता म्हणशील, "मी तेव्हाच म्हटलं होतं, खोटारडा आहे तुझा वर्ड्सवर्थ." आणि मी म्हणायची, कविता म्हणजे काय पंचनामा आहे? त्यावरून पंधरा दिवस बोललो नव्हतो, मेसमध्ये डालसुद्धा तिसरीच्या हातून मागायचो. पण नंदे, आपण दोघी चुकलो होतो असं मला आता वाटतं. तू त्याचीच 'टिंटर्न ॲबी' पुन्हा काढून वाच. १३ जुलै १७९८ ची, म्हणजे डॅफोडिल्सच्या आधीची. सुरुवातीला नदी, कडे, झाडं, तो आणि त्याचं मन. तू बरोबर आहेस, तिथंही तो एकटाच वाटतो. पण शेवटाकडे तो वळतो आणि कळतं, कोणीतरी शेजारी उभं आहे. आधी तो तिला 'मैत्रीण' म्हणतो, दोनदा. मग काही ओळींनी 'बहीण'. तुझ्या आवाजात मला माझ्या जुन्या हृदयाची भाषा ऐकू येते, असं म्हणतो. मंगळवारी त्या मुलीच्या आवाजात मला तेच झालं. ही ओळ मी वीस वर्षं शिकवतेय, आणि कळली आत्ता.

सरांचा तो इंग्रजी साहित्याच्या कालखंडांचा तक्ता आठवतो? प्युरिटन, रिस्टोरेशन, ऑगस्टन, रोमँटिक १७९८ ते १८३२, व्हिक्टोरियन. मीही दर जूनला तोच फळ्यावर काढते. मुलांना गाईडमधून तो पाठ असतो. पण 'पॅराडाइज लॉस्ट' आलं १६६७ मध्ये, राजा परतून, म्हणजे रिस्टोरेशन सुरू होऊन, सात वर्षं झाल्यावर, तरी आपण मिल्टनला प्युरिटनच्या रकान्यात बसवतो. ब्लेकची 'साँग्ज ऑफ इनोसन्स' १७८९ ची, तो रोमँटिक युगाच्या दाराबाहेर उभा. वर्ड्सवर्थची 'प्रिल्यूड' तर तो गेल्यावर १८५० मध्ये आली, टेनिसनची 'इन मेमोरियम' आली त्याच साली. 'प्रिल्यूड' ही सबंध कविता कोलरिजला उद्देशून, मित्राशी बोलावं तशी, आणि छापून आली तेव्हा कोलरिजला जाऊन सोळा वर्षं झालेली. हे सगळं मला पाठ होतं. पण डोरोथी कोणत्या रकान्यात, हे मी कधी स्वतःलाच विचारलं नाही. तक्ता मी मोडणार नाही, मुलांना पेपर त्यावरच द्यायचाय. पण त्याच्या शेजारी रोजनिशीचं ते पान वाचणार आहे.

तुझ्या लेकीच्या मुलाखतीचं काय झालं? नागपूरची थंडी कशी आहे, आणि बदलीचं पक्कं ठरलं का? भाऊजींना नमस्कार सांग, त्यांचा डोळा आता बरा असेल. बाकी सविस्तर भेटीत.

आता काम. ते आपण अर्धे अर्धे पैसे घालून घेतलेलं जुनं पुस्तक तुझ्याकडेच आहे ना? त्यावरून मी खूप भांडले, माझा हक्क आजही सोडलेला नाही. पण पुस्तक राहू दे. त्यात डॅफोडिल्सच्या समासात तू हिरव्या शाईनं लिहिलं होतंस, "मग बहीण कुठे होती?" त्या पानाचा फोटो काढून रविवारपर्यंत पाठव. सोमवारी तास सुरू व्हायच्या आधी त्या मुलीला तो दाखवायचाय, आणि सांगायचंय की हा प्रश्न माझ्या मैत्रिणीनं तीस वर्षांपूर्वी विचारला होता, आणि तेव्हा मी उठले नव्हते.

तुझी,
विजू