बाजारातले नर कुत्रे आणि भुईवरची भाजी

मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सा. न. वि. वि.

खान्देशातला आठवडे बाजार भुईवर बसतो. शहादा असो, पारोळा असो की यावल, खेड्यातून आलेली बाई गोणपाट अंथरते, त्यावर भरताची वांगी, मेथी, हरभऱ्याची भाजी मांडते आणि ऊन कलेपर्यंत तिथेच बसून राहते. तिच्या डोळ्यांदेखत एखादा नर कुत्रा येतो, गोणीचा कोपरा हुंगतो आणि तंगडी वर करतो. चार थेंबच असतात, पण समोरचं गिऱ्हाईक ते बघतं आणि पुढे निघून जातं. बाजारातल्या बाया म्हणतात, "कुत्रं येस, तंगडी वर करस अन् चालनं जास. माल आमना जास."

मी भाजी पिकवणारा शेतकरी आहे. कुत्रे मारा किंवा गावाबाहेर नेऊन सोडा, असं मला म्हणायचं नाही. त्यातून काही साधतही नाही, कारण एकाला हाकललं की ती जागा दुसरा घेतो आणि नव्याने खुणा करू लागतो.

कारण ती लघवी मूत्राशय मोकळं करण्यासाठी नसतेच, ती हद्दीची खूण असते. नर वयात आला की टेस्टोस्टेरॉन या नराच्या संप्रेरकाच्या प्रभावाखाली हे सुरू होतं. त्याला उभी वस्तू लागते: विजेचा खांब, हातगाडीचं चाक, एसटी स्टँडच्या भिंतीचा कोपरा, भाजीची गोणी. एकाच्या खुणेवर दुसरा खूण करतो, आणि जवळपास मादी माजावर असली तर हे आणखी वाढतं. बाजार उठल्यावर पावडर आणि फिनेल टाकलं जातं. आपल्या नाकाला तेवढं पुरतं, कुत्र्याच्या नाही. पावसाळ्यात काळजी आणखी वाढते, कारण लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या रोगाचे जंतू बाधित उंदरांच्या आणि कुत्र्यांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात उतरतात, आणि आमच्या बायका त्याच चिखलात अनवाणी बसतात.

उपाय नराच्या नसबंदीत आहे. कॅलिफोर्नियात 1997 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पाळीव नरांपैकी किमान 60 टक्क्यांच्या घरातल्या खुणा नसबंदीनंतर निम्म्याने किंवा त्याहून जास्त घटल्याचं दिसलं. सगळ्यांच्या थांबत नाहीत, हे मी जाणतो. तरी निम्म्याने कमी झाल्या तरी बाजारात तो फरक डोळ्यांना दिसेल. कुत्र्यांची संख्या आटोक्यात आणायची तर भर माद्यांवर द्यावा लागतो आणि ते बरोबरच आहे. पण त्यात बाजारात ठाण मांडून बसलेला नर मागे राहतो. नराची शस्त्रक्रिया मादीच्या मानाने सोपी असते, पोट उघडावं लागत नाही. मग बाजारापुरते तरी नर आधी का घेऊ नयेत?

कायदा आडवा येत नाही. प्राणी जन्म नियंत्रण नियम, 2023 नुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे, आणि पाळीव कुत्र्याची त्याच्या मालकाची. (सकाळी पट्टा धरून आपला नर दुसऱ्याच्या ओट्याशी आणणाऱ्यांनाही हे कोणी तरी सांगायला हवं.) सर्वोच्च न्यायालयाने 7 नोव्हेंबर 2025 रोजी शाळा, रुग्णालयं, क्रीडा संकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकं इथले भटके कुत्रे हलवण्याचा आदेश दिला. आठवडे बाजार त्या यादीत नाही. आमचं अन्न तर तिथेच मांडलेलं असतं.

लहान नगरपरिषदेकडे ना शस्त्रक्रियेची खोली असते, ना कुत्रे ठेवायला पिंजरे. आपल्या खात्याचे पशुधन विकास अधिकारी मात्र तालुक्याला आहेत. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांसाठी आपण नगरविकास खात्याशी बोलून नियमांत बसणारं, मान्यताप्राप्त असं एक फिरतं शस्त्रक्रिया पथक द्यावं. त्याने बाजारातले नर आधी घ्यावेत, रेबीजची लस टोचावी, कानाला खूण करावी आणि नियमाप्रमाणे सोडावं. नगरपरिषदांनी बाजाराची जागा जोराच्या पाण्याने आणि लघवीचा वास मोडणाऱ्या एन्झाइमच्या द्रावणाने धुवावी, आणि भाजीसाठी हातभर उंचीचे ओटे बांधावेत. ओट्यांची मागणी जुनी आहे. ती कुत्र्यांच्या निमित्ताने पुरी झाली तरी आमची हरकत नाही.

भरताच्या वांग्यांचा हंगाम थंडीत भरात येतो. पथक त्याआधी बाजारात उतरावं, एवढी विनंती.

आपला,
खान्देशातला एक भाजीउत्पादक शेतकरी