राइखेनाउहून पत्र: बाबा, हे पाणी कृष्णेसारखं नाही

ती. आई आणि बाबा,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर मी 'बेट' म्हणाले आणि बाबा एकदम गप्प झाले. आईने लगेच दादाच्या गाडीचा विषय काढला. तेव्हाच ठरवलं, हे फोनवर सांगण्यासारखं नाही, लिहून पाठवते. सावकाश वाचा, दोनदा वाचा.

घर घेतलंय. भाड्याचंच आहे, पण करारावर सही झाली, तीन महिन्यांचं भाडं अनामत म्हणून भरलं, आणि १ मार्चला आम्ही कोन्स्टान्झ सोडून जवळच्याच राइखेनाउ बेटावर राहायला जातोय. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. नाही विचारलं, कारण बाबा 'नको' म्हणाले असते आणि मग मला सही करवली नसती.

बाबा, आधी पाण्याचं बोलू या. २००५, २०१९, २०२१ च्या पुरांबद्दल मी काही लिहीत नाही, तुम्हाला सगळं ठाऊक आहे. सांगलीच्या आयर्विन पुलाच्या चाळीस आणि पंचेचाळीस फुटांच्या आकड्यांवर तुमची झोप कशी चालते तेही ठाऊक आहे. पण हे बेट ज्यात आहे ते बोडेनझे जर्मनी-स्वित्झर्लंडच्या सीमेवरचं तळं आहे, नदी नाही. ऱ्हाइन वरून त्यात येते आणि खालून निघून जाते, मध्ये ५३६ चौरस किलोमीटर पाणी पसरलेलं. तुमच्याच हिशोबात सांगते. एक टीएमसी पाणी एकदम आत आलं आणि बाहेर थेंबही गेला नाही, तरी सगळं तळं सव्वापाच सेंटीमीटरच चढेल. करून बघा कागदावर. तळ्यात एकूण पाणी साधारण ४८ घन किलोमीटर, म्हणजे सोळा कोयना भरतील एवढं. एवढ्या पसाऱ्यामुळे पाणी सहसा दिवसाला काही सेंटीमीटर चढतं आणि तसंच हळूहळू उतरतं. तळ्यातून पाणी बाहेर पडतं तिथे दरवाजे नाहीत, त्यामुळे विसर्ग कुणी वाढवला का, अलमट्टीत किती साठा आहे, असले प्रश्नच नाहीत. ऱ्हाइनला जेवढं नेता येतं तेवढं ती नेते.

मोठे पूर आले नाहीत असं म्हणणार नाही, तुम्ही शोधून काढालच. कोन्स्टान्झच्या मापकावर पाणी एरवी साडेतीन मीटरच्या आसपास असतं. मे १९९९ मध्ये ते ५.६५ मीटरवर गेलं, कारण हिवाळ्यात बर्फ खूप पडलं होतं आणि ते वितळत असतानाच जोराचा पाऊस झाला. त्याहून मोठा पूर १८१७ चा, ६.२३ मीटर. त्याच्या आदल्या वर्षी उन्हाळा झालाच नव्हता. तांबोरा ज्वालामुखीच्या उद्रेकाने आकाश झाकोळलं होतं, डोंगरावरचं बर्फ तसंच राहिलं आणि पुढच्या वर्षी दोन हिवाळ्यांचं बर्फ एकत्र वितळलं. म्हणजे दोनशे वर्षांतला सगळ्यात वाईट पूर नेहमीपेक्षा पावणेतीन मीटर वर. आमचं घर होखवार्टच्या उतारावर आहे. ती टेकडी तळ्यापासून चाळीसेक मीटर उंच, आणि घर पाण्यापासून जवळजवळ पंचवीस मीटर वर. ऐंशी फूट, बाबा. काठावरचं घर स्वस्त मिळत होतं, ते मी पाहायलाही गेले नाही.

एक मात्र आत्ताच सांगून ठेवते. तुम्ही याल तेव्हा पाणी वाढताना दिसेल. आत्ता जानेवारीत तळं खाली गेलंय, काठाचे गोटे उघडे पडलेत, फेब्रुवारीत सगळ्यात कमी असेल. मे लागला की आल्प्सचं बर्फ सुटतं आणि जून-जुलैत पाणी वर्षातल्या सगळ्यात वरच्या पातळीला येतं, हिवाळ्याहून दीड मीटर तरी वर. तुम्ही आल्यावर जे गोटे दिसतील ते महिन्याभराने दिसणार नाहीत, गवताच्या काड्या पाण्यात उभ्या असतील. हे दर वर्षीचं आहे. तुम्ही रोज काठीने मोजा हवं तर, पण आईला घाबरवू नका.

आणि बेट म्हणजे होडीशिवाय सुटका नाही असं नाही. १८३८-३९ मध्ये मुख्य भूमीपासून भरावाचा रस्ता घातला, दोन्ही बाजूंना उंच पॉप्लर. त्याच्यावरून बस जाते, गाडी जाते, सायकलची वाट आहे. कोन्स्टान्झचं रुग्णालय गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर. तातडीचा नंबर ११२, तो मी जाडजूड अक्षरांत फ्रिजवर लावणार आहे. वारं सुटलं की मात्र पॉप्लरच्या फांद्या पडतात, तेव्हा त्या रस्त्याने चालत जायचं नाही.

बेट लहान आहे, लांबी साडेचार किलोमीटर, रुंदी दीड. पंचायतीत मुख्य भूमीवरचे काही भागही येतात, सगळे मिळून पाचेक हजार लोक. उत्तरेला आलेन्सबाख, दक्षिणेला पाण्यापलीकडे स्वित्झर्लंड, खिडकीतून दिसतो. उत्तरेच्या पाण्याला ग्नाडेनझे म्हणतात, 'ग्नाडे' म्हणजे दया. लोककथा अशी की मठाने शिक्षा ठोठावलेल्याला होडीतून पलीकडे नेत, आणि होडी काठाला लागायच्या आत बेटावरची घंटा वाजली तर तो सुटला. आई, ही गोष्ट तुझ्यासाठी. तुला रात्री अशाच गोष्टी आवडायच्या, मला सांगता सांगता स्वतःच झोपायचीस.

बाबांसाठी दुसरी. ७२४ साली पिर्मिन नावाचे साधू इथे मठ स्थापायला आले, तेव्हा बेट म्हणे सापांनी आणि किड्यांनी भरलेलं होतं. त्यांनी पाय ठेवला आणि तीन दिवस तीन रात्री सगळे साप पोहत निघून गेले. बत्तीस शिराळ्याच्या माणसाला ही कथा ऐकवायची म्हणजे धाडसच, पण भरावाच्या रस्त्याला पिर्मिनचा पुतळा आहे, तिथे थांबून फोटो काढू.

त्या मठाचं नाव पुढे सगळ्या युरोपात झालं. नवव्या शतकात इथे आदर्श मठाचा नकाशा काढला, चामड्याचे पाच तुकडे शिवून. बेकरी, दवाखाना, कोंबड्यांचं खुराडं, माळ्याचं घर, सगळं जागच्या जागी. तो आज स्वित्झर्लंडमधल्या सांक्ट गालेनच्या ग्रंथालयात आहे. दहाव्या-अकराव्या शतकात इथे रंगवलेल्या पोथ्या राजे लोक मागवत. हेर्मान नावाचे साधू (१०१३-१०५४) पांगळे होते, बोलायलाही त्रास व्हायचा, तरी त्यांनी ग्रहतारे मोजायच्या यंत्रावर लिहिलं आणि जगाचा इतिहास सालवार मांडला. बाबा, अण्णाआजोबांची आठवण येते ना? पुढे मठाची रया गेली, १५४० मध्ये तो कोन्स्टान्झच्या बिशपकडे गेला, १७५७ मध्ये शेवटचे साधूही हलवले. २००१ पासून थोडे साधू पुन्हा राहायला आलेत. तिन्ही जुनी देवळं शाबूत आहेत, आणि २००० पासून सगळं बेट जागतिक वारसा आहे. म्हणून इथे कुणी उठून बारा मजली इमारत बांधणार नाही. हे मी घर घेताना धरलं होतं.

ओबरझेल भागातल्या सांक्ट गेओर्ग देवळात भिंतींवर हजार वर्षांपूर्वीची चित्रं आहेत, ख्रिस्ताचे आठ चमत्कार. मे ते सप्टेंबर तिथे फक्त ठरलेल्या वेळी मार्गदर्शकाबरोबर सोडतात. उन्हाळ्यात बाहेरची दमट हवा आणि माणसांचे श्वास थंड भिंतीवर दव होऊन बसतात, भिंतीतलं मीठ वर येतं आणि रंग सुटतो. आपल्या जुन्या माजघराची भिंत फुलायची तसंच. तर तिथे भिंतीला हात लावायचा नाही, आई. तुला प्रत्येक देवळात खांबाला हात लावून नमस्कार करायची सवय आहे. इथे लांबून कर.

आता मळे. बाबा, मला वाटतं तुम्ही तीन महिने तिथेच सापडाल. पूर्वी इथे द्राक्षं होती, १९२८-२९ च्या कडाक्याच्या हिवाळ्याने वेली मेल्या आणि लोक भाजीकडे वळले. तळं उन्हाळ्यात ऊब धरून ठेवतं म्हणून थंडी उशिरा येते, आणि उघड्या वाफ्यात वर्षाला तीन-तीन पिकं निघतात: सॅलडची पानं, मुळा, कांद्याची पात. काचघरांत काकडी, टोमॅटो, ढोबळी मिरची. पाणी तळ्याचंच, पंपाने नळांच्या जाळ्यातून मळ्यांपर्यंत. काचघरात टोमॅटोच्या परागीभवनाला भुंग्यांच्या पेट्या ठेवतात, आणि मावा, पांढरी माशी यांच्यावर फवाऱ्याऐवजी त्यांना खाणारे किडे सोडतात. म्हणून काचघराचं दार उघडं टाकायचं नाही आणि विचारल्याशिवाय आत जायचं नाही. मळ्याच्या कडेला भाजी ठेवलेली असते, किंमत लिहिलेली, पैसे डब्यात टाकायचे. सुट्टे युरो खिशात ठेवा.

मठाजवळ औषधी वनस्पतींची बाग आहे. नवव्या शतकात इथल्या वालाफ्रिड स्त्राबो या मठाधिपतींनी बागकामावर ४४४ ओळींची कविता लिहिली, तिच्यावरून ती केलीय. खाजकुइलीसारखी चिडवी पानं उपटायची कशी, शेणखत हाताने घालायला लाजायचं नाही, असं सगळं त्यात आहे. आणि आई, त्यात दुधी भोपळा आहे! वेल मांडवावर कसा चढतो त्याचं वर्णन आहे. तुझ्या परसातला मांडव मला तिथे दिसला.

घर तळमजल्याचं आहे, दाराला एकच पायरी. कोन्स्टान्झच्या तिसऱ्या मजल्याचे जिने आईच्या गुडघ्यांना झेपले नसते, आणि हे मी नुसतं कारण म्हणून सांगत नाहीये. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतेय. नळाचं पाणी उकळायचं नाही, थेट प्यायचं. दह्याला विरजण आहे. कुकर, तवा, पोळपाट आहेत. बाबांची आरामखुर्ची दक्षिणेच्या खिडकीपाशी. रविवारी सगळी दुकानं बंद, म्हणून शनिवारी दूध-भाजी भरून ठेवू. बेटाचे तीन स्वतःचे सणही आहेत. त्यांतला ट्रिनिटी रविवार या ख्रिस्ती सणानंतरच्या सोमवारचा तुम्ही असताना येईल, पालखीसारखी मिरवणूक निघते, जुन्या गणवेशातले लोक पुढे चालतात.

आता जे सांगते ते दोघांनी ऐकायचंच.

व्हिसा नव्वद दिवसांचा, २८ एप्रिल ते २६ जुलै, एकही दिवस जास्त नाही. माझं हमीपत्र कुरियरने पाठवतेय, मूळ प्रत, तिला पंच करू नका. विमा कमीत कमी ३०,००० युरोंचा हवा, आणि अर्जात बाबांची साखर आणि आईचं बीपी खरं खरं लिहा. लपवलं तर गरज पडेल तेव्हा पैसे मिळत नाहीत. औषधं तीन महिन्यांची, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीत औषधाचं शास्त्रीय नाव टाईप करून. अर्धी हातातल्या पिशवीत.

तूप, पेढे, खवा, कुंदा यांतलं काहीही आणायचं नाही, दुधाचं सगळं अडवतात. हापूस नाही, कढीपत्त्याची काडी नाही. नारळ चालतो. हळद, मेतकूट, भडंग, गोडा मसाला आणा. मुंबईहून झुरिचला थेट विमान आहे, तिकीट काढतानाच दोघांसाठी व्हीलचेअर लिहा. बाबा, त्यात कमीपणा नाही, रांगा फार लांब असतात. झुरिचला मी बाहेर उभी असेन, तिथून आगगाडीने तासा-सव्वा तासात कोन्स्टान्झ.

तळ्यात पाय घालायचे तर रबरी चपला घालून, शिंपले फार धारदार आहेत. उथळ कोमट पाण्यात बदकांवरचे जंतू असतात, त्यांनी अंगाला खाज सुटते, म्हणून बाहेर येताच टॉवेलने खसखसून पुसायचं. काठावर नारिंगी दिवे आहेत. मिनिटाला चाळीसदा लुकलुकले तर जोराचं वारं येणार, नव्वददा लुकलुकले तर वादळ. दिवा चालू असताना होडीत बसायचं नाही, कुणी कितीही बोलावलं तरी.

आणि आई, तू फोनवर दर वेळी 'परत कधी येणार' विचारतेस आणि मग 'बरं बरं' म्हणतेस, त्याचं उत्तर. दोन वर्षांसाठी म्हणून आले होते. कराराला मुदत नाही. आणखी काही वर्षं आम्ही इथेच आहोत. याचा अर्थ मी परत येणार नाही असा घेऊ नकोस. दिवाळीला मी येतेय, तिकीट काढलंय, फराळाला माझी वाट बघ, चकलीचा सोऱ्या मी फिरवीन. तुमची खोली वर्षभर तुमचीच राहील, तिथे मी माझी कपाटं घालणार नाही. पांघरुणं दोन घेतलीत, आईला पातळ, बाबांना जाड.

पासपोर्टची मुदत बघा. बाबांचा मला वाटतं ऑक्टोबरला संपतो. परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी उरलेले हवेत, आणि बाबांच्या पासपोर्टवर ते जेमतेमच भरतायत. उद्याच दादाला सांगून नूतनीकरणाला टाका, आणि टाकला की मला मेसेज करा.

तुमची,
मनू